लव्हाळा हे गवत नव्हे

भात कापून झालं की अलिबाग तालुक्यातल्या आमच्या शेतात पांढरा कांदा लागतो. रोपं जीव धरतात न धरतात, तोच वाफ्यात चकचकीत हिरवी पाती डोकं काढतात. लव्हाळा! लग्न होऊन आले त्या वर्षी दिवसभर उकिडवं बसून मी खुरप्याने अख्खा वाफा साफ केला होता. आठ दिवसांत तो पहिल्यापेक्षा दाट. सासूबाई म्हणाल्या, "वरची पात काय तोडतेस? खालची माळ काढ."

त्यांनी कुदळीने हातभर जागा उकरून दाखवली. दोऱ्यासारख्या आडव्या खोडाला काळपट गाठी, एकीला एक जोडलेल्या. गाठ फोडली की आत पांढरा गर आणि नाकात भरणारा वास. शेंड्याची गाठ फुटलेली असेतो मागच्या बऱ्याच गाठी तिच्या धाकात निजून राहतात. खुरपं लागून माळ तुटली की धाक संपला, सुटी झालेली गाठ स्वतंत्र रोप होऊन उगवते. मी दिवसभर निंदत नव्हते, लावणी करत होते!

तुकोबांच्या अभंगामुळे लव्हाळा घरोघरी ठाऊक आहे, पण त्याला गवत म्हणण्याची चूक सगळेच करतात. फुलोऱ्याचा देठ चिमटीत धरून फिरवा: तीन कडा बोटांना लागतात. गवताची काडी गोल, सहसा पोकळ आणि पेरं असलेली. ही तिधारी, भरीव, बिनपेरांची. याचं कुळच वेगळं, मुस्ता कुळ. जगभरात त्याच्या सुमारे 5,500 जाती आहेत. प्राचीन मिसरात ज्याचा कागद होई तो पपायरस यातलाच. तिबेटच्या पठारावर, जिथे झाड उभं राहत नाही, तिथे याचं एक भावंड जेमतेम 2 ते 6 सेंटिमीटर वाढतं आणि सुमारे साडेचार लाख चौरस किलोमीटर जमीन धरून ठेवतं, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट. त्यावर याक चरतात. वर इवलंसं पान, सगळी ताकद जमिनीत: समुद्रकाठी काय नि डोंगरमाथ्यावर काय, घराण्याची रीत एकच.

आयुर्वेदातला मुस्ता म्हणजे हाच लव्हाळा. तापात द्यायच्या षडंगपानीयातल्या सहा द्रव्यांत तो आहे. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथाही याच कुळातला. बाजारात दोन्ही नावांची सरमिसळ चालते. 1977 साली जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर एक ग्रंथ निघाला, त्यात पहिला क्रमांक याच लव्हाळ्याचा होता. औषध आणि उपद्रव दोन्ही त्या एका गाठीत आहेत, म्हणून मला त्याचा राग धरवत नाही.

पण कांदा वाचवायचा तर त्याचं दुबळेपण ओळखायला हवं. भाताच्या साचलेल्या पाण्यात हा नीट फुटत नाही. सावली त्याला सोसत नाही. दाट ताग पेरला की खुरटतो. आणि उघड्या पडलेल्या त्याच्या गाठी उन्हाला फार भितात. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीतच असतात. म्हणून कांद्याच्या माळा घरी आल्या की शेत तसंच सोडू नका. एप्रिल-मेमध्ये नांगरून ढेकळं उलटी पाडा, गाठी वर येऊ द्या आणि कडक उन्हात वाळू द्या. पहिला पाऊस पडायच्या आत वेचून बांधाबाहेर काढा. सुकून खडखडीत झालेली गाठ पुन्हा उगवत नाही.