गिलाव्याआधीच ठरवा खटक्यांची जागा. नव्या घरातील ‘स्मार्ट’ वायरिंगचे गणित काय?

फरशी आणि रंग निवडण्यात महिने जातात, वायरिंग मात्र ‘वायरमन बघेल’ म्हणून सोडून दिले जाते. मोबाइलवर चालणारे दिवे हवे असतील, तर हीच सवय पुढे महागात पडते. कोणते निर्णय कधी घ्यायचे, याविषयी…

कात्रज घाटाच्या पायथ्याशी घरांची संख्या वाढते आहे. मांगडेवाडी, भिलारेवाडी, गुजर निंबाळकरवाडी ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. या पट्ट्यात संकुलात फ्लॅट घेणारे आहेत, तसेच स्वतःच्या जागेवर घर बांधणारेही आहेत. दोघांसाठी वायरिंगचे नियम सारखेच असले, तरी निर्णयाची वेळ वेगळी असते.

निर्णय कधी घ्यावा?

स्वतः घर बांधणाऱ्याने स्लॅब भरण्यापूर्वी छतातील पाइप आणि गिलाव्यापूर्वी भिंतीतील पाइप ठरवावेत. विटांच्या भिंतीत नंतर झिरी मारता येते. धूळ आणि खर्च तेवढा वाढतो. मात्र अनेक नव्या इमारतींत अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. त्या फोडणे इमारतीला घातक ठरते. अशा फ्लॅटमध्ये बिल्डरने टाकलेल्या पाइपांतूनच मार्ग काढावा लागतो. म्हणून बुकिंगच्या वेळीच विजेचा नकाशा मागून घ्यावा.

पहिले काम कागदावरचे. पलंग, सोफा, देव्हारा, टीव्ही, ओटा कुठे येणार हे आधी आखावे आणि मग खटके मांडावेत. दार उघडल्यावर खटका दाराआड जाणार नाही, हे पाहावे. जिना आणि लांब पॅसेज असेल, तर दोन्ही टोकांना टू-वे खटका ठेवावा.

सर्किट किती, वायर कोणती?

घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. रूढ नियमानुसार दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर १० पेक्षा जास्त पॉइंट आणि ८०० वॉटपेक्षा जास्त भार नसावा. नऊ वॉटचे आठ एलईडी मिळून ७२ वॉटच होतात, त्यामुळे दिव्यांचा भार फारसा नसतो. खरा भार गिझर, एसी, इंडक्शन यांचा. दोन किलोवॉटचा गिझर एकटाच सुमारे नऊ अँपिअर ओढतो. म्हणून गिझर आणि एसी या प्रत्येकाला मुख्य बोर्डातून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा.

साधारणपणे दिव्यांसाठी १.५, पॉवर सॉकेटसाठी २.५ आणि एसी-गिझरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली जाते. एमसीबीची क्षमता वायरला साजेशी हवी. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याच वायरवर मोठा एमसीबी बसवला, तर वायर तापत राहते आणि एमसीबी पडतच नाही. आगीचा धोका इथेच असतो.

न्यूट्रल इतका महत्त्वाचा का?

साध्या खटक्याला फेज आत आणि फेज बाहेर एवढेच पुरते. स्मार्ट खटका मात्र दिवा बंद असतानाही जागा असतो. मोबाइलचा संदेश ऐकण्यासाठी त्याला सतत थोडी वीज लागते. त्यासाठी बोर्डात काळी वायर, म्हणजे न्यूट्रल, असावी लागते. ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथे ती असतेच. अडचण येते ती पलंगाजवळच्या किंवा जिन्यातल्या एकट्या खटक्याला. न्यूट्रलशिवाय चालणारे स्मार्ट खटकेही मिळतात; पण त्यांची थोडी वीज दिव्यातून वाहते आणि बंद केलेला एलईडी मंद मिणमिणतो. म्हणून आज साधे खटके बसवले, तरी प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आणून ठेवावा आणि बॉक्स खोल घ्यावा. उद्या छोटे मॉड्यूल मागे सहज मावेल.

बल्ब स्मार्ट की खटका?

स्मार्ट बल्ब भाड्याच्या घरात सोयीचा. पण घरातल्या कोणी भिंतीवरचा खटका बंद केला, की अॅप निरुपयोगी ठरते. स्वतःच्या घरात खटका किंवा त्यामागचे मॉड्यूल स्मार्ट असणे बरे. आजी-आजोबांना नेहमीचा खटका दाबता येतो आणि तरुणांना मोबाइल वापरता येतो. सगळे घर स्मार्ट करण्याचीही गरज नसते. फाटकाचा दिवा, पॅसेज आणि हॉल एवढ्यापासून सुरुवात पुरेशी असते. बाथरूमच्या वाटेवर हालचाल टिपणारा सेन्सर बसवला, तर रात्री चाचपडावे लागत नाही.

बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर चालवू नये. त्याला थेट पुरवठा द्यावा. डिमर लावायचा असेल, तर बल्बही डिमरवर चालणारा घ्यावा.

वीज गेली तर?

वीज गेली की वायफाय राउटरही बंद पडतो. म्हणून राउटरचा पॉइंट इन्व्हर्टरच्या सर्किटवर घ्यावा. अनेक स्मार्ट बल्ब वीज परतताच आपोआप पेटतात आणि मध्यरात्री सगळे घर जागे होते. अॅपमध्ये ‘वीज आल्यावर पूर्वीची स्थिती’ हा पर्याय असल्यास पहिल्याच दिवशी निवडावा.

सुरक्षा कशी तपासावी?

मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. वीज गळून शरीरातून जाऊ लागली, तर तो क्षणात पुरवठा तोडतो. एमसीबी हे काम करत नाही. वेगवेगळ्या आरसीसीबींवरच्या सर्किटचे न्यूट्रल एकत्र बांधले, तर आरसीसीबी विनाकारण पडतो. मग कंटाळून तो काढून टाकला जातो, आणि घराची ढालच जाते. त्यावरचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे. अर्थिंग मोजून घ्यावे आणि काम परवानाधारक व्यक्तीकडूनच करून घ्यावे.

शेवटी एक फुकटचे काम. गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो टेप लावून काढून ठेवावा. पेशवाईत कात्रजच्या तलावातून शहरात आणलेल्या भुयारी नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. जमिनीखालचा मार्ग कुठून जातो, हे त्यामुळे वरून कळत असे. घरातले पाइप एकदा झाकले गेले, की ते काम हे फोटोच करतात. पुढे फोटोफ्रेमसाठी खिळा ठोकताना नेमकी त्याच जागची वायर तुटणार नाही.