अभयसाधकाचे भय

मनुष्याच्या हातून प्रमाद घडतो यात काही नवल नाही. नवल याचे की, त्या प्रमादाची फिर्याद स्वतःच्या अंतःकरणात दाखल होताच बहुतेक माणसे आपले वकीलपत्र आपणच घेतात, परिस्थितीची, प्रकृतीची, अगदीच निरुपाय झाला तर नशिबाची साक्ष काढतात, आणि निर्दोष सुटतात. सुटतात खरे, परंतु ज्या चौकशीतून आपली आपल्याला ओळख पटावयाची, ती चौकशीच त्यामुळे दप्तरदाखल होऊन बसते. मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, हे तर पेशाने वकील होते. आणि तरीही आयुष्यातील एका लाजिरवाण्या प्रसंगी त्यांनी स्वतःचा बचाव मांडण्याचे साफ नाकारले.

26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाट येथे, सुखवस्तू जमीनदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. शिकारीचा छंद, मोटारीची हौस, चित्रपटांचा षौक आणि पुढे वकिलीतील बरी मिळकत असा एकंदर थाट होता. 1942 च्या आंदोलनात पकडल्या गेलेल्यांचे खटले त्यांनी चालविले. आगगाडीत एका नवविवाहितेची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांना ते एकटे आडवे गेले, आणि ती हकीकत कानी येताच गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले. अशी पदवी अशा हातून मिळाल्यावर तिच्यावर विश्वास न ठेवणारा तरुण विरळाच! 1946 मध्ये साधनाताईंशी विवाह झाल्यावर वरोऱ्यास त्यांनी श्रमाश्रम काढून पाहिला. सर्वांनी कष्ट करावे आणि मिळकत वाटून घ्यावी ही कल्पना उदात्त होती, पण तो प्रयोग फार काळ टिकला नाही. पुढे वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना, सफाई कामगारांचे गाऱ्हाणे त्यांच्या जागी उभे राहिल्यावाचून समजणार नाही असे मनाने घेतल्यामुळे, त्यांनी मैल्याची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली.

हे काम चालू असतानाच, एका पावसाळी दिवशी, रस्त्याकडेला पडलेला एक मांसाचा गोळा त्यांच्या दृष्टीस पडला. बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले, आणि तरीही त्यात प्राण होता. तुळशीराम नावाचा तो कुष्ठरोगी होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिले मात्र, आणि संसर्गाच्या भीतीने ते तेथून पळत सुटले.

पुढे ते परतले, त्याला पावसापासून आडोसा केला आणि तो मरेपर्यंत त्याची शुश्रूषा केली. ही गोष्ट शाळांच्या समारंभांतून सांगितली जाते तेव्हा वक्ते पळण्याचा भाग घाईघाईने उरकतात आणि परतण्यावर मनसोक्त रेंगाळतात; माझ्या मते येथेच तिचा गाभा हातचा निसटतो. परतणे हे करुणेचे कृत्य होते आणि करुणा त्यांच्याजवळ पूर्वीपासून होतीच. नवीन होते ते पळणे. पत्नी वा मूल त्या अवस्थेत पडलेले असते तर आपण असेच पळालो असतो काय, हा प्रश्न मग त्यांना छळू लागला, आणि सोजिरांपुढे न डगमगणारा आपला निर्भयपणा एका असहाय देहापुढे कसा गळून पडला, याचे उत्तर त्यांना कोठल्याही सबबीत सापडेना. शिवाय, ते पळाले हे आज आपल्याला ठाऊक आहे ते केवळ त्यांनी स्वतः सांगितले म्हणून. मौन पाळले असते तर ‘अभयसाधक’ ही पदवी निष्कलंक राहिली असती आणि तिच्या आड दडलेला माणूस त्यांचा त्यांनाच अपरिचित राहिला असता.

पश्चात्ताप पुष्कळांना होतो. परंतु नुसता पश्चात्ताप रडून मोकळा होतो. बाबांनी भयाचा पाठलाग आरंभिला. 1949 मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी कुष्ठरोगाचे रीतसर शिक्षण घेतले, आणि तेथे संशोधनासाठी रोगजंतू आपल्या शरीरात टोचून घेण्यास स्वतःहून तयारी दर्शविली. रोग झाला नाही. हा जंतू नॉर्वेतील हान्सेन याने 1873 मध्येच हुडकून काढला होता. तो सहजी संसर्ग करीत नाही आणि बहुसंख्य माणसांच्या अंगी त्याला तोंड देण्याची उपजत शक्ती असते, हे आता सर्वमान्य आहे. ज्या भीतीने त्यांना पळविले होते ती बव्हंशी अज्ञानाचे अपत्य होती, एवढे तरी या खटाटोपातून त्यांच्या पदरी पडले.

मग वरोऱ्यानजीक सरकारने दिलेल्या 50 एकर खडकाळ माळरानावर, 1951 मध्ये, पत्नी, दोन लहान मुले आणि मूठभर रुग्ण यांना घेऊन ते राहावयास गेले आणि आनंदवन उभे राहिले. विहीर खणणे, शेत काढणे, घरे बांधणे, सारे रुग्णांच्या झडलेल्या हातांनीच झाले, आणि भिक्षेला तेथे मज्जाव होता. भयाची आणि दयेची जात एकच, दोन्ही समोरच्याला आपल्यापासून अंतरावर ठेवतात, हे जो पळण्याच्या लाजेतून शिकला, त्याला भूतदयेवर चालणारा आश्रम कसा रुचावा? गावाचे भय मात्र एकदम हटले नाही. परदेशांतून आलेले स्वयंसेवक रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून बांधकाम करू लागले, तेव्हा कोठे वरोरेकरांची पावले हळूहळू तिकडे वळू लागली. आणि 1964 मध्ये आनंदवनाने महाविद्यालय काढले, तेव्हा पंचक्रोशीतील घरांनी आपली मुले तेथे शिकावयास धाडली.