विश्लेषण : ‘फ्रेंच कला’ म्हणजे नेमकी कुणाची?

‘व्हेनिस बिएनाले’ हे जगातले सर्वात जुने आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन २३ एप्रिल २०२२ रोजी लोकांसाठी खुले झाले, तेव्हा फ्रान्सच्या दालनात झिनेब सेदिरा यांचे काम होते. अल्जीरियातून आलेल्या आईवडिलांच्या पोटी पॅरिसच्या उपनगरात जन्मलेल्या आणि १९८६ पासून लंडनमध्ये राहणाऱ्या सेदिरांना फ्रान्स सरकारने आपली प्रतिनिधी म्हणून पाठवले होते. दुसऱ्याच दिवशी फ्रान्समध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीची अंतिम फेरी झाली. स्थलांतराला विरोध हा ज्यांच्या राजकारणाचा कणा, त्या मारीन ल पेन हरल्या. पण ४१ टक्क्यांहून अधिक मते घेऊन. ‘फ्रेंच कोण’ या प्रश्नावर फ्रान्स किती दुभंगलेला आहे, हे त्या दोन दिवसांत दिसले.

व्हेनिसमधल्या निवडीला एवढे महत्त्व का?

१८९५ पासून चालत आलेल्या या प्रदर्शनात अनेक देशांच्या स्वत:च्या इमारती आहेत. फ्रान्सच्या दालनात कोण, हे परराष्ट्र आणि संस्कृती मंत्रालयाच्या पातळीवर ठरते. म्हणजे ही निवड एखाद्या खासगी गॅलरीची नसते, सरकारी असते; ऑलिम्पिकचा चमू निवडावा तशी. म्हणूनच सेदिरांच्या निवडीची बातमी झाली. अल्जीरियन वंशाच्या कलावंताने फ्रान्सचे प्रतिनिधित्व करण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यानंतर २०२४ मध्ये, कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावर वाढलेल्या जुलियाँ क्रूझे यांना संधी मिळाली. मार्तिनिक ही एकेकाळची फ्रेंच वसाहत, आज फ्रान्सचाच भाग. क्रूझे यांनी आपल्या दालनाची घोषणाही पॅरिसमध्ये न करता मार्तिनिकमध्ये, कवी-विचारवंत एदुआर ग्लिसाँ यांच्या घरी केली.

त्याआधी २०१३ मध्ये तर फ्रान्सचे प्रतिनिधी अन्री साला होते, जन्माने अल्बानियाचे. त्या वर्षी फ्रान्स आणि जर्मनीने आपापल्या इमारतींची अदलाबदलही केली होती. फ्रान्सच्या इमारतीत जर्मनीच्या वतीने ज्या चौघांची कामे होती, त्यांत चीनचे आय वेवे आणि आपल्या दयानिता सिंग होत्या!

सेदिरांनी दालनात मांडले काय?

दालनाचे त्यांनी चक्क चित्रपटाचा सेट आणि सिनेमागृह करून टाकले. लंडनमधल्या आपल्या दिवाणखान्याची प्रतिकृती, एक बार, आणि शेवटी पडद्यावर त्यांचा स्वत:चा चित्रपट. विषय होता १९६०-७० च्या दशकांत अल्जीरिया, फ्रान्स आणि इटली यांनी मिळून केलेले चित्रपट. त्या संदर्भांमध्ये ‘बॅटल ऑफ अल्जीयर्स’ही होता. १९६६ मध्ये याच व्हेनिस शहरातल्या चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च ‘गोल्डन लायन’ मिळाला, तेव्हा फ्रेंच शिष्टमंडळ उठून निघून गेले होते. फ्रान्समध्ये तो पुढे काही वर्षे दाखवलाच गेला नाही. अल्जीरियात १९५४ ते १९६२ या काळात जे घडले त्याला अधिकृतपणे ‘युद्ध’ म्हणायला फ्रेंच संसदेला १९९९ साल उजाडले. ज्या इतिहासाकडे पाठ फिरवली, तोच ५६ वर्षांनी फ्रान्सच्या अधिकृत दालनात आला आणि परीक्षकांनी त्याची विशेष दखलही घेतली.

पण सेदिरांचे काम समजून घ्यायचे तर २००२ ची त्यांची ‘मदर टंग’ ही साधीशी व्हिडीओकृती पाहावी. तीन पडद्यांवर तीन संवाद. पहिल्यात सेदिरा आपल्या आईशी बोलतात : आई अरबीत, लेक फ्रेंचमध्ये. दुसऱ्यात सेदिरा आणि त्यांची मुलगी : आई फ्रेंचमध्ये, मुलगी इंग्रजीत. दोन्हीकडे गप्पा सुरळीत चालतात. तिसऱ्या पडद्यावर आजी आणि नात समोरासमोर येतात, एक अरबी बोलणारी, दुसरी इंग्रजी. दोघी अडखळतात, हसतात, कॅमेऱ्याकडे पाहतात आणि गप्प होतात. राष्ट्रीय ओळखीवरच्या कितीतरी परिसंवादांपेक्षा ही शांतता अधिक बोलकी आहे. नातवंडांशी व्हिडीओ कॉलवर बोलताना शब्द शोधत राहणाऱ्या आपल्याकडच्या आजीआजोबांना ती निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

हा प्रश्न नवा आहे का?

अजिबात नाही. १९२५ मध्ये समीक्षक आंद्रे वार्नो यांनी ‘स्कूल ऑफ पॅरिस’ हा शब्द रूढ केला, तो शागाल, मोदिग्लियानी, सूतिन अशा बाहेरून आलेल्यांसाठी. कौतुक होते, पण ‘फ्रेंच’ म्हणण्याऐवजी वेगळा शब्द काढावा लागला, हेही खरे. पिकासोचे उदाहरण तर बोचरे आहे. १९०४ पासून फ्रान्समध्ये राहणाऱ्या पिकासोने एप्रिल १९४० मध्ये नागरिकत्वासाठी अर्ज केला. पोलिसांच्या प्रतिकूल अहवालामुळे तो फेटाळला गेला. त्याने पुन्हा अर्ज केला नाही. मात्र त्याच्या मृत्यूनंतर वारसा कराच्या बदल्यात त्याच्या कलाकृती फ्रान्स सरकारने स्वीकारल्या आणि त्यांतून १९८५ मध्ये पॅरिसचे पिकासो संग्रहालय उभे राहिले.

मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले सय्यद हैदर रझाही १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले, १९५६ मध्ये तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार त्यांनी मिळवला, सहा दशके तिथे राहिले. कॅनव्हासवर देवनागरी ओळी लिहिणाऱ्या या चित्रकाराचे मोठे प्रदर्शन पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राने २०२३ मध्ये भरवले.

‘राष्ट्रीय ओळखी’चे मंत्रालय कशासाठी होते?

२००७ मध्ये अध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी स्थलांतर आणि राष्ट्रीय ओळख या दोन्हींसाठी मिळून एक मंत्रालय काढले. स्थलांतर म्हणजे ओळखीला धोका, असाच त्याचा अर्थ होतो, असे आक्षेपकांचे म्हणणे. त्याच वेळी पॅरिसमध्ये स्थलांतराच्या इतिहासाचे संग्रहालय आकाराला येत होते. निषेध म्हणून त्याच्याशी संबंधित आठ इतिहासकारांनी राजीनामे दिले. संग्रहालय ऑक्टोबर २००७ मध्ये उघडले, पण उद्घाटनाला अध्यक्ष आले नाहीत. ते झाले २०१४ मध्ये, फ्रान्स्वा ओलाँद यांच्या हस्ते. मंत्रालय मात्र २०१० मध्येच गुंडाळले गेले.

हे संग्रहालय ज्या इमारतीत आहे ती १९३१ च्या वसाहतींच्या प्रदर्शनासाठी बांधलेली. वसाहतींतली माणसे फ्रान्ससाठी माल पिकवत आहेत, अशी शिल्पे दर्शनी भिंतीवर आहेत. आतल्या संग्रहात कॅमेरूनमध्ये जन्मलेल्या बार्तेलेमी तोगो यांची एकावर एक रचलेल्या खाटांची कलाकृती आहे. खाटांवर स्थलांतरितांच्या स्वस्त पिशव्या. बाहेरची भिंत आणि आतल्या खाटा एकत्र पाहिल्या तर फलकावरचा मजकूर वाचण्याची गरज उरत नाही.

मग आता फ्रेंच कोण, हे ठरले का?

फ्रान्समधल्या मानाच्या मार्सेल द्युशाँ पुरस्काराने आपल्यापुरता मार्ग काढला आहे. कलावंत फ्रेंच असावा किंवा फ्रान्समध्ये राहणारा. परिणाम गमतीशीर आहेत. मोरोक्कोत जन्मलेल्या लतिफा एशाख्श यांना २०१३ मध्ये हा पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये, सेदिरा फ्रान्सच्या दालनात असताना, त्या व्हेनिसमध्ये स्वित्झर्लंडच्या प्रतिनिधी होत्या. २०२० च्या विजेत्या कापवानी किवांगा यांनी २०२४ मध्ये कॅनडाचे प्रतिनिधित्व केले.

टीका दोन्ही बाजूंनी होते. एका गटाला यात फ्रेंचपण पातळ होताना दिसते. दुसरा गट विचारतो, परदेशात वैविध्य मिरवणारे सरकार पॅरिसच्या उपनगरांत तोच उत्साह दाखवते का? दुसरा प्रश्न मला अधिक रास्त वाटतो. शिवाय सेदिरांसारख्यांचा जन्म फ्रान्समधला असूनही नावाआधी मूळ देश चिकटतोच. या लेखाचा पहिला परिच्छेदही त्याला अपवाद नाही.

२०२६ च्या फ्रेंच दालनासाठी यतो बरादा यांची निवड झाली आहे. त्यांचा जन्म पॅरिसचा, बालपण मोरोक्कोतल्या टँजियरचे. फ्रान्सची पुढची अध्यक्षीय निवडणूक २०२७ मध्ये आहे.