‘ड्यूटी’ म्हणजे काय?
(काम व कर्तव्य यांसंबंधीं कांहीं इंग्रजी शब्दांचा विचार)

गोंदिया हें रेल्वेचें गांव. मुंबई-हावडा मार्गावरील या जंक्शनाच्या आसपास वाढणाऱ्या मुलांच्या कानीं ‘ड्यूटी’ हा शब्द अक्षरओळखीच्या आधींच पडतो. बाबांची ड्यूटी रात्रीची आहे, काकांची ड्यूटी लागली, ड्यूटी संपली, असें आपण नित्य ऐकतों. येथें ड्यूटी म्हणजे पाळी, हजेरीचे तास. परंतु इंग्रजी पुस्तकांत ‘आईबापांविषयींची ड्यूटी’ असे शब्द आले म्हणजे विद्यार्थी अडखळतो. कारण ही ड्यूटी किती वाजतां लागते व किती वाजतां सुटते हें तेथें लिहिलेलें नसतें. शब्द एकच, पण एक अर्थ घड्याळाचा आणि दुसरा अंतःकरणाचा. काम व कर्तव्य यांसंबंधींच्या अशा कांहीं इंग्रजी शब्दांची फोड करून पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम, एकाच गोष्टीसाठीं इंग्रजींत इतके शब्द कां, हें पाहूं. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, आणि त्यानंतर मूळच्या सॅक्सन बोलींत फ्रेंच व लॅटिन शब्दांचा मोठा प्रवाह मिसळला. जुने शब्द गेले नाहींत आणि नवेही राहिले; मग प्रत्येकानें अर्थाचा आपापला कोपरा धरला. आपल्याकडेही असेंच झालें आहे. संस्कृत ‘कर्म’ प्राकृतांतून उतरून ‘काम’ झालें, ‘श्रम’ थेट संस्कृतांतून आला, ‘मेहनत’ व ‘मजुरी’ फारसीच्या वाटेनें आल्या. तरी श्रम, मेहनत व मजुरी यांतील भेद आपल्या घरांतील लहान मूलही जाणतें.

आतां ‘वर्क’, ‘लेबर’ व ‘टॉइल’ हे तीन शब्द घेऊं. यांत ‘वर्क’ सर्वांत व्यापक. हाताचें असो कीं बुद्धीचें, आवडीचें असो कीं नावडीचें, सर्व काम ‘वर्क’ होय. ‘लेबर’ या शब्दांत कष्टांची छटा आहे. म्हणूनच मजुरांच्या श्रमांस तो लागतो आणि प्रसूतिवेदनांसही तोच लागतो. ‘टॉइल’ म्हणजे राबणें, ज्यांत विसांवा नाहीं असे कष्ट. आपल्या धानाच्या बांधींत हे तिन्ही शब्द दिसतात. पावसाळ्याआधीं शेतकरी धुरे नीट करितो, तें ‘वर्क’. भर पावसांत दिवसभर वांकून रोवणी करणाऱ्या बाईचे श्रम, तें ‘लेबर’. आणि सावकाराचें व्याज फेडण्यासाठीं एखादें कुटुंब वर्षानुवर्षें राबतें, पण मुद्दल कांहीं फिटत नाहीं, तें ‘टॉइल’.

‘जॉब’ हा पूर्वीं कामाचा एक लहान तुकडा होता, म्हणजे आपल्याकडील उक्तें काम. पुढें पगाराच्या नोकरीसही तें नांव मिळालें. ‘टास्क’ हा शब्द ‘टॅक्स’ म्हणजे कर याचा सख्खा भाऊ आहे. जसा कर आपल्यावर बसविला जातो, तसें ‘टास्क’ हें बहुधा दुसऱ्यानें नेमून दिलेलें व मोजून घेतलेलें काम होय. आपल्या जिल्ह्यांत विड्या वळणाऱ्या हातांना हजाराच्या हिशेबानें मजुरी मिळते. त्या हातांना ‘टास्क’ म्हणजे काय हें शिकवावें लागणार नाहीं.

येथें विद्यार्थ्यांची एक नेहमींची चूक सांगून ठेवतों. ‘मला पुष्कळ कामें आहेत’ याचें ते ‘मेनी वर्क्स’ असें भाषांतर करितात. काम या अर्थीं ‘वर्क’ शब्दाचें अनेकवचन होत नाहीं. ‘वर्क्स’ म्हणजे एखाद्या लेखकाचे ग्रंथ किंवा एखादा कारखाना! कामें मोजावयाचीं असल्यास ‘जॉब’ अथवा ‘टास्क’ म्हणावें.

आतां कर्तव्याच्या शब्दांकडे वळूं. ‘ड्यूटी’ हा ‘ड्यू’ म्हणजे ‘देय’ या शब्दापासून झाला, आणि कर्ज या अर्थाचा ‘डेट’ हा शब्दही त्याच लॅटिन मुळाचा आहे. ‘ऑट’ हें तर ‘ओ’, म्हणजे देणें लागणें, या क्रियापदाचेंच जुनें भूतकाळी रूप. म्हणजे इंग्रजी माणूस ‘मीं हें करावयास पाहिजे’ असें म्हणतो, तेव्हां मूळ अर्थानें ‘मी हें देणें लागतों’ असेंच म्हणतो. आपल्या पूर्वजांनीं देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशीं तीन ऋणें मानिलीं, त्यांतही हाच विचार आहे. ‘ऑब्लिगेशन’ या शब्दाचें मूळ मात्र ‘बांधणें’ हें आहे. ड्यूटी आपल्या स्थानावरून येते. पुत्राची, शिक्षकाची, नागरिकाची. ऑब्लिगेशन एखाद्या विशिष्ट घटनेनें उत्पन्न होतें. वचन, करार किंवा उपकार यांनीं. इर्जिकेला शेजारी आपले बैल घेऊन आले व आपलें शेत नांगरून गेले. कागद झाला नाहीं, साक्षी झाले नाहींत. तरी त्यांच्या वेळीं आपण गेलेंच पाहिजे, हें ‘ऑब्लिगेशन’.

वाक्यांतील भेद याहून सूक्ष्म आहेत. ‘जावें लागतें’ म्हणजे ‘हॅव टु गो’. येथें सक्ति बाहेरची. ‘गेलेंच पाहिजे’ म्हणजे ‘मस्ट गो’. येथें बोलणारा स्वतःच निकड मानितो. ‘जावें’ हा सल्ला ‘शुड’, आणि धर्म म्हणून जाणें योग्य तेथें ‘ऑट टु’. नकारांत तर फार जपावें. ‘मस्ट नॉट’ ही मनाई आहे. ‘नीड नॉट’ ही मोकळीक आहे. ‘हें औषध घेऊं नये’ आणि ‘हें औषध घेण्याची गरज नाहीं’ या दोन वाक्यांची अदलाबदल झाली, तर रोग्याच्या जिवाशीं गांठ पडेल.

शब्दांचा हा विचार केवळ परीक्षेपुरता नाहीं. भारतीय राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदानें सक्तीच्या श्रमास मनाई केली आहे, आणि तिच्या इंग्रजी पाठांत ‘बेगार’ हा आपलाच शब्द जसाच्या तसा उभा आहे. पुढें १९७६ सालीं दोन गोष्टी घडल्या. त्या वर्षीं कायद्यानें वेठबिगारीची पद्धति रद्द केली, म्हणजे कर्जाच्या नांवाखालीं माणसाचे श्रम गहाण ठेवून घेण्याची चाल बंद ठरविली; आणि त्याच वर्षींच्या ४२ व्या दुरुस्तीनें नागरिकांचीं दहा मूलभूत कर्तव्यें घटनेंत आलीं. एका हातानें एक देणें तोडलें, दुसऱ्या हातानें दुसरें देणें दाखविलें. यांत विरोध नाहीं. जें ऋण माणसास साखळी घालतें तें तोडावें; जें ऋण माणसास माणूस करितें तें फेडावें. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनें अकरावें कर्तव्य आलें, तें पालकांसाठीं आहे: सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास शिक्षणाची संधि देणें. रोवणीच्या दिवसांत मुलाला शाळेंतून काढावें कीं न काढावें, असा विचार ज्या घरीं होतो, तेथें हा शब्द आठवावा.

आरंभीं सांगितलेल्या घरांत आतां पुनः डोकावूं. रात्रभर जागून गाड्यांना वाट देणारा मनुष्य पहांटे घरीं येतो व म्हणतो, ड्यूटी संपली. पाळी संपली हें खरें. परंतु तो हातपाय धुऊन म्हाताऱ्या आईजवळ बसतो, मुलाची पाटी पाहतो, तेव्हां त्याची दुसरी ड्यूटी चालूच असते. तिची हजेरी कोणी घेत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं दोन्ही अर्थ नीट शिकावे, आणि पहिल्याच्या भरांत दुसरा विसरूं नये, एवढीच आमची विनंति आहे.