शाळेला कळले होते

जानेवारी 2005 मध्ये एक कुटुंब लाँग आयलंड सोडून न्यूयॉर्क राज्यातल्याच डचेस काउंटीत राहायला आले. 16 वर्षांच्या मुलाचे नाव पाइन प्लेन्स या छोट्या गावाच्या हायस्कूलमध्ये नववीत घातले. मुलगा निम्मा गोरा, निम्मा लॅटिनो, रंगाने सावळा. त्या शाळेत गोरी नसलेली मुले शंभरात पाचसुद्धा नव्हती. पहिल्याच काही आठवड्यांत एका मुलाने त्याला सांगितले की तुझ्यासारखे इथे नकोत, आलास तिथे परत जा. वडिलांनी दिलेली गळ्यातली साखळी दुसऱ्याने हिसकून तोडली. कृष्णवर्णीयांना हिणवायला अमेरिकेत जो सर्वांत घाणेरडा शब्द वापरतात, तो त्याला जवळपास रोज ऐकावा लागे. पुढे धक्काबुक्की झाली, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, झाडाला लटकवण्याच्या गोष्टी झाल्या. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना जमावाने फासावर लटकवण्याचा जो इतिहास आहे, तो ठाऊक असलेल्या कुणालाही अशा बोलण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

आई मुख्याध्यापकांना भेटायला गेली. गाव लहान आहे, उगाच लोकांशी संबंध बिघडवून घेऊ नका, अशा अर्थाचा सल्ला त्यांनी तिला दिला. ती त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे सगळ्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडेंटकडे जाऊ पाहत होती. तिथे भेटच मिळाली नाही. हा छळ साडेतीन वर्षे चालला. त्यातून जो खटला उभा राहिला तो ‘झेनो विरुद्ध पाइन प्लेन्स सेंट्रल स्कूल डिस्ट्रिक्ट’ या नावाने ओळखला जातो. शाळेत वंशावरून मार खाणाऱ्या मुलाला अमेरिकेत न्याय कोणत्या वाटेने मिळतो आणि ती वाट कुठे अडते, हे समजून घ्यायला याहून चांगला खटला मला ठाऊक नाही. न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात, टेक्सासात ज्यांची मुले, भाचरे, नातवंडे शाळेत जातात अशी मराठी घरे आता थोडी नाहीत. त्यांच्याही हे उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट मनात पक्की करायला हवी. मारणाऱ्या मुलाला शिक्षा होणे आणि शाळेला जबाबदार धरणे, या दोन वेगळ्या वाटा आहेत. मारहाणीची तक्रार पोलिसांकडे जाते, तिथे बालगुन्हेगारीचा कायदा लागतो. शाळेला न्यायालयात खेचायचे तर कायदा वेगळा, प्रश्नही वेगळा. इथे न्यायालय ‘कुणी मारले?’ हे पहिल्यांदा विचारत नाही. शाळेला केव्हा कळले, आणि कळल्यावर तिने काय केले, हे विचारते.

या सगळ्याच्या मुळाशी 1964 चा नागरी हक्क कायदा आहे. 2 जुलै 1964 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली. त्यातला सहावा भाग, ‘टायटल सिक्स’, एवढेच म्हणतो की जो उपक्रम केंद्र सरकारचा पैसा घेतो, त्यात वंश, रंग किंवा मूळ देश यांवरून कुणाशीही भेदभाव होता कामा नये. पैसा ही या कायद्याची दोरी आहे. सरकारी शाळा केंद्राचे अनुदान घेतात, म्हणून त्या या अटीला बांधल्या जातात. ‘मूळ देश’ हे शब्द भारतीय घरांसाठी महत्त्वाचे आहेत. मुलाच्या उच्चारावरून, नावावरून, भारतीय असण्यावरून चाललेला छळ त्यात बसतो. धर्म मात्र या यादीत नाही. धर्मावरून चाललेला छळ या कायद्याखाली आणायचा तर त्याची नाळ वंशाशी किंवा मूळ देशाशी जोडून दाखवावी लागते.

अनुदान बंद करण्याचे हत्यार साठच्या दशकात दक्षिणेतल्या राज्यांमधल्या शाळांविरुद्ध खरोखर उपसले गेले. नंतरची कित्येक वर्षे ते क्वचितच बाहेर निघाले. मग एकट्यादुकट्या कुटुंबाने दाद कशी मागायची? याचे उत्तर वेगळ्याच खटल्यातून आले. जॉर्जिया राज्यात पाचवीतल्या एका मुलीला वर्गातला मुलगा महिनोन्महिने लैंगिक त्रास देत होता. तिला त्याच्या शेजारची जागा बदलून मिळायलाही तीन महिन्यांहून जास्त काळ गेला. तिच्या आईने स्कूल बोर्डावर दावा लावला. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने ठरवले की एका विद्यार्थ्याने दुसऱ्याचा छळ केला तरी शाळा जबाबदार ठरू शकते. हा ‘डेव्हिस’ निकाल लिंगभेदाच्या कायद्याखालचा होता. पण तो कायदा टायटल सिक्सच्याच साच्यावर घडवलेला असल्याने खालच्या न्यायालयांनी तीच कसोटी वांशिक छळालाही लावली.

कसोटी सोपी नाही. छळ शाळेच्या ताब्यातल्या जागी आणि शाळेच्या ताब्यातल्या मुलांकडून झालेला हवा. तो इतका गंभीर आणि सततचा हवा की त्यापायी मुलाचे शिक्षणच हिरावले गेले. एखाद्या दिवशीची शिवी, ती कितीही जिव्हारी लागली तरी, पुरत नाही. शाळेला त्याची प्रत्यक्ष माहिती होती हे सिद्ध व्हावे लागते. ‘त्यांना कळायला हवे होते’ एवढ्याने भागत नाही. आणि माहिती असून शाळेने जाणूनबुजून डोळेझाक केली, म्हणजे त्या परिस्थितीत तिचे वागणे उघडउघड अवाजवी होते, हे दाखवावे लागते.

घोडे पेंड खाते ते या शेवटच्या दोन टप्प्यांवर. माहिती कुणाला होती, यावर वकील तासन्‌तास भांडतात. ज्याच्या हातात काही करण्याचा अधिकार आहे अशा माणसाला कळलेले असावे लागते. बसच्या ड्रायव्हरला किंवा जेवणघरात लक्ष ठेवणाऱ्या बाईंना मुलाने रडत सांगितले असेल, तर ते न्यायालयात टिकेलच असे नाही. मुख्याध्यापकांना लेखी कळवले असेल तर वादच उरत नाही. म्हणून तिथले अनुभवी वकील पालकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: बोला, पण त्याच संध्याकाळी ईमेल करा. तारीख, जागा, कोण काय बोलले, कुणाला सांगितले आणि त्यांनी काय उत्तर दिले, सगळे त्यात असू द्या. आपल्याकडच्या माणसाला हे जड जाते. शिक्षकांविरुद्ध लिहायचे म्हणजे उद्धटपणा, अशी भीड आपल्या अंगात मुरलेली असते. मुलावर डूख धरतील ही धास्तीही खोटी नसते. पण तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते आणि दोन वर्षांनी शाळेचा वकील म्हणतो की आम्हाला कुणी काही सांगितलेच नव्हते.

पाइन प्लेन्सच्या आईने सांगितले होते, पुन्हा पुन्हा सांगितले होते. त्यामुळे ‘माहीत नव्हते’ असे म्हणायची सोय शाळेला राहिली नाही. तिचा बचाव वेगळाच होता, आणि मला तोच या खटल्याचा गाभा वाटतो. शाळा म्हणाली, आम्ही गप्प बसलो नाही. जे जे नाव आमच्यापर्यंत आले, त्या त्या मुलाला आम्ही शिक्षा केली, कुणाला काही दिवस घरी बसवले. हे खोटे नव्हते. शिक्षा झालेल्या मुलांपैकी बहुतेकांनी पुन्हा त्रासही दिला नाही. मग डोळेझाक कसली?

2010 मध्ये ज्युरीने आणि 3 डिसेंबर 2012 रोजी अपील न्यायालयाने या बचावाला जे उत्तर दिले ते शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. न्यायमूर्ती डेनी चिन यांनी निकालपत्र लिहिले. एकाला शिक्षा झाली की दुसरा पुढे येत होता, म्हणजे दुखणे दोन-चार द्वाड मुलांचे नव्हते, शाळेच्या हवेतच भिनलेले होते, आणि हे शाळेला महिन्यामागून महिने दिसत होते. तरी ती त्याच त्या शिक्षेवर थांबली. दुसरे म्हणजे, शिक्षेपलीकडचे काही करायला तिने जवळपास वर्ष लावले. 2005 च्या जुलैमध्येच कुटुंबाच्या वकिलाने लिहून दोन गोष्टी मागितल्या होत्या: मुलाच्या बरोबर राहील असा एक मोठा माणूस आणि सगळ्या मुलांना वंशभेदाविषयी समज देणारे प्रशिक्षण. काउंटीचा मानवी हक्क आयोग आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ची स्थानिक शाखा हे फुकट द्यायला तयार होत्या. शाळेला एक डॉलरही पडणार नव्हता. तिने ते घेतले नाही. तिसरे, शेवटी जे कार्यक्रम झाले ते थातुरमातुर होते. यायचे तर या अशा थाटाचे, आणि वंशभेदाच्या मूळ प्रश्नाला बगल देणारे. मध्यस्थी घडवली, पण ज्याच्यासाठी ती योजली तो मुलगा आणि त्याची आई तिच्यापासून बाजूलाच राहिले.

पीडित कुटुंब मागेल तोच उपाय करायला शाळा बांधलेली नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट आहे. शाळेला पर्याय निवडायची मोकळीक आहे. पण निवडलेला उपाय चालत नाही हे दिसल्यावर दुसरा शोधावाच लागतो. हा भेद न्याय्य आहे असे मला वाटते. नाही तर प्रत्येक शाळा निलंबनाच्या आदेशांची फाइल पुढे करून हात झटकेल.

न्यायालयाची पायरी चढण्याआधी एक बिनखर्चाची वाट आहे. केंद्रीय शिक्षण विभागाच्या नागरी हक्क कार्यालयात तक्रार करता येते, वकील लागत नाही. मुदत 180 दिवसांची, घटना घडल्यापासून. शाळेशी गोडीगुलाबीने मिटेल या आशेवर बरीच कुटुंबे ही मुदत घालवून बसतात. इथली कसोटी न्यायालयाइतकी कडक नाही. शाळेला वाजवी दक्षतेने कळले असते एवढेही इथे चालत आले आहे. मात्र हे कार्यालय कुटुंबाला नुकसानभरपाई मिळवून देणारे न्यायालय नव्हे. ते बहुतेक वेळा शाळेकडून सुधारणेचा लेखी करार करून घेते आणि त्यावर लक्ष ठेवते. मार्च 2025 मध्ये सरकारने त्याच्या 12 प्रादेशिक कार्यालयांपैकी 7 बंद करायला घेतली. त्यामुळे ही वाट कागदावर उघडी असली तरी आता तिथे ताटकळावे लागेल हे धरूनच चालायला हवे.

कागदपत्रांच्या बाबतीत आणखी एक कायदा कामी येतो. 1974 च्या कायद्याने आपल्या मुलाची शाळेतली सगळी नोंद पाहण्याचा हक्क पालकांना आहे, आणि मागणी केल्यापासून 45 दिवसांत शाळेला ती दाखवावी लागते. पण हाच कायदा दुसऱ्या मुलाच्या नोंदी झाकतो. ज्याने मारले त्याला काय शिक्षा झाली, असे आईने विचारले की बहुधा ‘ते सांगता येत नाही’ असे उत्तर मिळते. कुटुंबाला ही टोलवाटोलवी वाटते, कधी ती असतेही. त्या नोंदींची दारे पुढे खटल्यात, न्यायालयाच्या आदेशानेच उघडतात.

आणि एक सापळा. रोज छळ सोसणारा मुलगा एखाद्या दिवशी उलट हात उगारतो, आणि शाळेच्या दप्तरात पहिली ठळक नोंद त्याच्याच नावावर पडते. हा नुसता दुर्दैवाचा भाग नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2018 मध्ये दाखवले की सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुले साधारण 15.5 टक्के होती, पण निलंबित झालेल्यांत ती 39 टक्क्यांच्या आसपास होती, आणि घरच्या गरिबीने हा फरक पुसला जात नव्हता. मात्र असे आकडे घेऊन कुटुंब न्यायालयात गेले तर दार बंद आहे. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की खाजगी व्यक्तीला या कायद्याखाली फक्त हेतुपुरस्सर भेदभावावर दावा लावता येतो, नियमाचा परिणाम एका समाजावर जास्त होतो एवढ्यावर नाही. म्हणजे तुमच्याच मुलाच्या बाबतीत, याच शाळेने, कळून-सवरून, असे ‘हा सूर्य, हा जयद्रथ’ दाखवावे लागते.

कधी सरकार स्वतः उतरते. युटा राज्यातल्या डेव्हिस स्कूल डिस्ट्रिक्टची चौकशी केंद्रीय न्याय विभागाने 2019 पासून केली. ऑक्टोबर 2021 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: कृष्णवर्णीय आणि आशियाई वंशाच्या मुलांचा सर्रास छळ, त्या घाणेरड्या शब्दाच्या शेकडो नोंदी, आणि वर्षानुवर्षे कानाडोळा करणारे अधिकारी. डिस्ट्रिक्टने सुधारणेच्या करारावर सही केली. पुढच्याच महिन्यात तिथल्या एका शाळेतल्या 10 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने आत्महत्या केली. शाळेत तिला त्रास दिला जातो हे आम्ही सांगत होतो, असे घरच्यांचे म्हणणे होते. 2023 मध्ये डिस्ट्रिक्टने त्या कुटुंबाशी 20 लाख डॉलरवर तडजोड केली.

राहता राहिली भरपाई. पाइन प्लेन्सच्या ज्युरीने साडेबारा लाख डॉलर दिले, न्यायाधीशांनी ते 10 लाखांवर आणले, अपिलात तो आकडा टिकला. त्यात मुलाने सोसलेल्या मनस्तापाची भरपाई होती. शिवाय 2008 मध्ये तो शाळेत आणखी थांबण्याऐवजी विशेष गरजांच्या मुलांना तेव्हा मिळणारा डिप्लोमा घेऊन बाहेर पडला होता, आणि तो चार वर्षांची कॉलेजे, सैन्य, कित्येक मालक मानत नसत, हे नुकसानही न्यायालयाने विचारात घेतले होते.

आज तोच दावा लावला तर चित्र बदललेले दिसेल. एप्रिल 2022 मध्ये ‘कमिंग्ज’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की केंद्राच्या पैशाला जोडलेल्या अशा भेदभावविरोधी कायद्यांखाली मनस्तापाची भरपाई मागता येत नाही. तो खटला टेक्सासमधल्या एका कर्णबधिर आणि दृष्टिहीन महिलेचा होता, पण खालची न्यायालये तो नियम टायटल सिक्सलाही लावू लागली आहेत. लहान वयात रोज अपमान गिळणाऱ्या मुलाचे सर्वांत मोठे नुकसान नेमके मनाचे असते, आणि कायद्याने तेच हिशेबातून काढले. हा निकाल मला क्रूर वाटतो. राज्यांचे स्वतःचे कायदे काही ठिकाणी ही उणीव भरतात, सगळीकडे नाही. म्हणून केंद्रीय दाव्यात आता बुडालेले शिक्षण आधी मांडावे लागते: बुडवलेले दिवस, घसरलेले गुण, सोडावा लागलेला विषय, बदलावी लागलेली शाळा आणि तिची फी. या प्रत्येकाची नोंद छळ सुरू झाल्याच्या दिवसापासून घरी ठेवलेली असेल, तरच ती न्यायाधीशांपुढे ठेवता येते.