एका आत्मचरित्राची दोन नावे : अयान हिरसी अली यांचे पुस्तक कसे वाचावे?

अयान हिरसी अली यांचे आत्मचरित्र २००६ साली नेदरलँड्समध्ये डच भाषेत प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचे नाव होते ‘माझे स्वातंत्र्य’. पुढच्याच वर्षी ते इंग्रजीत आले ते ‘इन्फिडेल’, म्हणजे ‘काफिर’ या नावाने. जगभर गाजले ते हे दुसरे नाव. इस्लामचा त्याग केलेल्या स्त्रीची कहाणी म्हणूनच ते वाचले गेले. कोणी ते डोक्यावर घेतले, तर कोणी न वाचताच त्याचा धिक्कार केला. या गदारोळात पहिले नाव मागे पडले. वस्तुतः पुस्तकातील घटनांचा क्रम नीट पाहिला तर तेच अधिक समर्पक ठरते. धर्म सोडल्यावर ही स्त्री इतर स्त्रियांसाठी बोलू लागली, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात स्त्रियांची दुःखे आधी तिच्या कानी आली, धर्मत्याग त्यानंतरचा.

आजीची दोन दाने

अयान यांचा जन्म १९६९ चा, सोमालियाची राजधानी मोगादिशू येथील. वडील हिरसी मगन इसे हे लष्करी हुकूमशहा सियाद बारे यांचे विरोधक. त्यापायी त्यांना तुरुंगवास घडला आणि घर आई व आजीच्या हाती आले. सोमाली समाज कुळांत विभागलेला असल्याने पूर्वजांची नावे अनेक पिढ्या मागे जाऊन तोंडपाठ म्हणावीत, असा आजीचा दंडक होता. परक्या मुलखात संकट ओढवले तर ही नावे सांगूनच कुळातला माणूस ओळखायचा आणि आसरा मागायचा. याच आजीने अयान पाच वर्षांच्या असताना त्यांचा खतना करवून घेतला. परदेशात शिकलेल्या वडिलांचा या प्रथेला विरोध होता; परंतु ते तुरुंगात होते आणि आई त्या वेळी घरी नव्हती. नातीला आयुष्यभर पुरेल अशी शिदोरी द्यावी, या एकाच भावनेने आजीने दोन्ही गोष्टी केल्या. स्त्रीवरील अन्याय स्त्रीच्याच हातून आणि मायेपोटी कसा पुढे जातो, याचे इतके स्पष्ट चित्र क्वचितच वाचायला मिळते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मुलींच्या खतन्याची आज्ञा कुराणात नाही. ही प्रथा इस्लामपूर्व काळापासून चालत आली असून इथिओपिया व इजिप्तमधील काही ख्रिस्ती समाजांतही ती आढळते. उलट, अनेक मुस्लिम समाजांना ती ठाऊकही नाही. मात्र जेथे ती रुजली, तेथे काही धर्मपंडितांनी तिला धर्माचा आधार दिला. लेखिकेनेही प्रथेचे हे प्राचीनत्व नमूद केले आहे.

पळ काढला, श्रद्धा मात्र कायम

कुटुंब पुढे सौदी अरेबिया, इथिओपिया असे फिरत १९८० मध्ये केनियाची राजधानी नैरोबी येथे स्थिरावले. तेथे कुराण शिकवणाऱ्या शिक्षकाच्या मारहाणीत अयान यांच्या कवटीला फ्रॅक्चर झाले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. एवढ्यावरून त्यांनी धर्माकडे पाठ फिरवली असेल, असे वाचकाला वाटते. घडले मात्र वेगळेच. किशोरवयात एका शिक्षिकेच्या प्रभावाने त्या अधिकच धर्मनिष्ठ झाल्या, स्वेच्छेने अंगभर काळा झगा घालू लागल्या आणि मुस्लिम ब्रदरहूडच्या विचारांकडे ओढल्या गेल्या. त्याच काळात इंग्रजी कादंबऱ्यांचे वाचनही सुरू होते. त्यांतल्या मुली स्वतःचे निर्णय स्वतः घेत. ईश्वर न्यायी असेल तर पत्नीनेच पतीची आज्ञा का पाळावी, हा प्रश्न तेव्हापासून मनात होता. त्याला उत्तर मिळे ते आज्ञापालनाचेच.

१९९२ मध्ये वडिलांनी कॅनडात राहणाऱ्या एका नातेवाइकाशी त्यांचे लग्न ठरवले. कॅनडाच्या वाटेवर जर्मनीत मुक्काम होता. तेथून रेल्वेने त्या नेदरलँड्समध्ये उतरल्या आणि त्यांनी आश्रय मागितला. अर्जात आडनाव, जन्मवर्ष आणि पलायनाचे कारण खरे सांगितले नाही. ज्या ‘अली’ या नावाने जग त्यांना ओळखते, ते आजोबांकडून घेतलेले नाव या अर्जातले आहे. तरीही त्या दिवशी त्यांनी नाकारले होते ते एक लग्न. श्रद्धा अबाधित होती.

दुभाषीचे काम

साफसफाई आणि कारखान्यातले काम करीत अयान डच भाषा शिकल्या. पुढे त्या सोमाली-डच दुभाषी झाल्या आणि लायडेन विद्यापीठात राज्यशास्त्र शिकत असताना हेच काम करून त्यांनी उदरनिर्वाह केला. रुग्णालये, गर्भपात केंद्रे, न्यायालये आणि मारहाण झालेल्या स्त्रियांची आश्रयगृहे येथून त्यांना बोलावणे येई. दुभाषी व्यक्तीला स्वतःचे मत मांडायची मुभा नसते. समोरची बाई ‘मला मारले’ म्हणाली, की तिलाही ‘मला मारले’ असेच म्हणावे लागते. अशी वाक्ये वर्षानुवर्षे उच्चारताना नैरोबीत अनुत्तरित राहिलेला प्रश्न पुन्हा उभा राहिला. युरोपातील एका सुरक्षित, कायद्याने चालणाऱ्या देशात येऊनही या स्त्रियांच्या घरात कायदा का पोहोचत नाही? याच काळात त्यांची धाकटी बहीण हावेया मानसिक आजाराने खचून नैरोबीस परतली आणि १९९८ मध्ये मरण पावली.

सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवर हल्ला झाला. हल्लेखोर ज्या वचनांचा आधार घेत होते, ती ग्रंथात खरोखरच आहेत का, हे त्यांनी स्वतः तपासायला घेतले. २००२ मध्ये डच तत्त्वज्ञ हर्मन फिलिप्से यांचे नास्तिकतेवरील पुस्तक वाचून झाल्यावर त्यांनी आपण आता श्रद्धावान उरलो नाही, हे स्वतःशी कबूल केले. लग्नातून पळ काढला त्या दिवसापासून येथवर यायला दहा वर्षे लागली होती.

जानेवारी २००३ मध्ये त्या उदारमतवादी पक्षातर्फे संसदेवर निवडून आल्या. त्यांच्या मागण्यांपैकी एक वरकरणी अगदी कारकुनी होती. कुटुंबाच्या अब्रूपायी होणाऱ्या खुनांची पोलिसांनी स्वतंत्र नोंद ठेवावी, ही ती मागणी. खून नोंदले जात, पण त्यामागचा हा हेतू वेगळा मोजला जात नसे. अखेर दोन पोलीस विभागांत प्रायोगिक तत्त्वावर अशी नोंद सुरू झाली. आश्रयगृहात दुभाषी म्हणून जे त्यांनी उच्चारले होते, ते सरकारी दप्तरात उतरू लागले.

मोजलेली किंमत

ऑगस्ट २००४ मध्ये दिग्दर्शक थिओ व्हॅन गॉग यांच्यासमवेत त्यांनी केलेला ‘सबमिशन’ हा लघुपट दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आला. २ नोव्हेंबर २००४ रोजी ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावर व्हॅन गॉग यांचा खून झाला. मारेकऱ्याने सुऱ्याने मृतदेहावर खोचलेल्या चिठ्ठीत अयान यांना धमकी होती. त्यानंतर त्या पहाऱ्यात राहिल्या. २००६ मध्ये शेजाऱ्यांनी स्वतःच्या सुरक्षिततेचे कारण पुढे केल्यावर न्यायालयाने त्यांना घर सोडण्याचा आदेश दिला. पाठोपाठ आश्रयाच्या अर्जातील असत्य माहितीवरून मंत्री रिता फरडोंक यांनी त्यांच्या नागरिकत्वावरच प्रश्नचिन्ह उभे केले. या प्रकरणात डच सरकार कोसळले. नागरिकत्व टिकले, मात्र अयान अमेरिकेला निघून गेल्या.

साक्ष आणि निवाडा

पुस्तकावरील गंभीर आक्षेप असा, की सोमालियातील कुळव्यवस्था, यादवी आणि विस्थापन यांतून आलेले अनुभव लेखिका थेट इस्लामच्या माथी मारते आणि एका घराच्या कहाणीवरून अब्जावधी माणसांच्या धर्माविषयी निष्कर्ष काढते. या आक्षेपात तथ्य आहे. साक्षीदार म्हणून लेखिका जितकी भक्कम वाटते, तितकी न्यायाधीश म्हणून वाटत नाही. मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी किंवा अमेरिकेतील अभ्यासक अमिना वदूद यांनी याच प्रश्नांची उत्तरे धर्मपरंपरेच्या आत राहून शोधली. मात्र निवाडा अमान्य केला म्हणून साक्ष खोटी ठरत नाही.

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. दलवाई कर्मकांड मानीत नसत, तरीही समाज सोडून गेले नाहीत. त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा यांचे ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मचरित्र अयान यांच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावे. एकीने उंबरठा ओलांडला, दुसरी आत राहून झगडली. दोघींचा प्रश्न एकच होता : आपल्या आयुष्याविषयीचा निर्णय कोणी घ्यायचा?

अयान यांची भूमिकाही पुढे स्थिर राहिली नाही. २०१५ च्या ‘हेरेटिक’ या पुस्तकात त्यांनी इस्लाममध्ये सुधारणा शक्य असल्याची बाजू घेतली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये आपण ख्रिस्ती झाल्याचे जाहीर केले. त्यांना नास्तिकतेचे प्रतीक मानणारे चाहते बुचकळ्यात पडले. ‘काफिर’ या नावाखाली वाचणाऱ्याला ही विसंगती वाटेल. ‘माझे स्वातंत्र्य’ या नावाखाली वाचले, तर निर्णय बदलण्याचा अधिकारही त्या स्वातंत्र्यातच येतो.

मुलींच्या खतन्याचा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. मुंबई आणि गुजरातमधील दाऊदी बोहरा समाजात ही प्रथा आहे. तिच्याविरुद्धची याचिका २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली आणि २०१८ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे सोपवण्यात आले. त्याआधी याच समाजातील स्त्रियांनी बालपणीच्या त्या दिवसाविषयी उघडपणे बोलायला आणि लिहायला प्रारंभ केला होता. त्यांतील अनेकींनी धर्म सोडलेला नाही. प्रथा धर्माचा अविभाज्य भाग आहे की नाही, याचा काथ्याकूट न्यायालयात होईल. सात वर्षांच्या मुलीला काय सोसावे लागले, हे मात्र त्या स्त्रियांनी आधीच सांगून ठेवले आहे.