मदत दिली, पण घर वाचले का?

कोणत्याही मंडळाचा वार्षिक अहवाल उघडा. किती कुटुंबांना मदत केली, किती रुपये वाटले, हे त्यात असतेच. आम्ही बँकेत कारकुनी करतो. आकडे तपासणे हा आमचा रोजचा धंदा. परंतु वाटलेली रक्कम हा खर्चाचा आकडा झाला, कामाचा नव्हे. भाडे थकलेल्या कुटुंबाला मदत केली, तर त्या मदतीमुळे त्याचे घर वाचले काय, हेच पाहावयास हवे.

आपल्या कळंबोलीत हा प्रश्न पुस्तकी नाही. लोखंड बाजारात हमाली करणारा माणूस महिनाभर आजारी पडला की आधी भाडे थकते. मग अनामत रक्कम त्यात वळती होते आणि शेवटी खोली सोडावी लागते.

न्यूयॉर्क शहरात २००४ साली अशा कुटुंबांसाठी ‘होमबेस’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. थकलेले भाडे भरण्यास साहाय्य, घरमालकाशी बोलणी, सरकारी लाभ मिळवून देणे, असे त्याचे स्वरूप. २०१३ साली त्याचा मूल्यमापन अहवाल आला. त्यासाठी २९५ कुटुंबांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले होते. १५० कुटुंबांना मदत मिळाली, तर १४५ कुटुंबांना फक्त इतर संस्थांची माहिती. पुढील सव्वादोन वर्षांत मदत न मिळालेल्यांपैकी १४.५ टक्के कुटुंबांना सरकारी निवाऱ्यात जावे लागले. मदत मिळालेल्यांपैकी ८ टक्के.

येथे थोडे थांबून विचार करावा. मदत मिळालेल्या शंभरातील ९२ कुटुंबे निवाऱ्यात गेली नाहीत. मात्र मदतीविनाही ८५ गेली नसती! म्हणजे कार्यक्रमाचे खरे श्रेय सहा-सात कुटुंबांपुरतेच. तरीही निवाऱ्यावरचा जो खर्च वाचला, तो कार्यक्रमाच्या खर्चाहून अधिक होता.

गरजूंना मुद्दाम वगळून तुलना करणे आपल्याला रुचणार नाही. शिकागोत मार्ग निराळा होता. तेथील मदत केंद्राचा निधी कधी असे, कधी संपलेला असे. निधी असताना आलेल्यांची व नसताना आलेल्यांची तुलना झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, निधी असताना आलेल्यांचे सहा महिन्यांत निवाऱ्यात जाण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी आढळले.

आपल्याकडे खोली सुटलेले कुटुंब निवाऱ्यात जात नाही. नातेवाईकांकडे किंवा गावी जाते, म्हणून ते मोजणीत येत नाही. तेव्हा ज्या संस्थेला असा निधी चालवायचा आहे, तिने येणाऱ्या प्रत्येकाची नोंद वहीत करावी, रिकाम्या हाताने परत गेलेल्यांचीही. सहा महिन्यांनी दोघांच्याही दारी जाऊन विचारावे : खोली तीच आहे काय? मुलांची शाळा तीच आहे काय? हे काम आपले विद्यार्थी सहज करू शकतील. ज्यांना आपण ‘निधी नाही’ म्हटले, त्यांच्या दारी जाणे जड जाईल. पण खरा हिशेब तेथेच कळेल.